निवडीचा गुणक

२०२५ च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या अलाबामा राज्याच्या गव्हर्नर के आयव्ही यांनी एका क्रीडा संघटनेला कोर्टात खेचलं. शाळांच्या फुटबॉलचा मोसम नुकताच सुरू झाला होता. हा फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडूचा, डोक्यावर हेल्मेट आणि खांद्यांवर जाड पॅड चढवून खेळायचा खेळ. दक्षिणेकडच्या राज्यांत शुक्रवारची संध्याकाळ त्याच्याच नावावर असते. काही मुलं त्या वर्षी सरकारी शाळा सोडून खासगी शाळेत गेली होती. त्यांच्या फीसाठी राज्याच्या नव्या ‘चूज ॲक्ट’खाली मुलामागे ७,००० डॉलरपर्यंत मदत मिळत होती. संघटनेचा नियम मात्र जुना होता: शाळा बदलून नव्या शाळेत आर्थिक मदत घेणाऱ्या मुलानं एक वर्ष सामन्यांबाहेर बसायचं. राज्याचा पैसा हीसुद्धा आर्थिक मदतच, असं संघटनेनं धरलं. गव्हर्नर आणि विधानसभेचे सभापती नेथॅनियल लेडबेटर यांचा आक्षेप सरळ होता. आईबापांना निवडीचा हक्क देणारा कायदा करायचा आणि तो हक्क वापरला म्हणून पोराला बाकावर बसवायचं, तर त्या हक्काला अर्थ काय राहिला? मॉन्टगोमेरीच्या न्यायालयानं संघटनेच्या बंदीला तात्पुरती स्थगिती दिली.

वरवर पाहिलं तर हा खेळाच्या नियमावलीतला वाद आहे. पण त्याच्या तळाशी दोन जुने प्रश्न आहेत. मूल कुणाचं? आईबापांचं, देवाचं की समाजाचं? आणि ज्याला निवडता येतं त्याला आणि ज्याला येईल त्याला सामावून घ्यावंच लागतं त्याला, एकाच मापानं मोजणं हा न्याय आहे का? अमेरिकेत या प्रश्नांवर दोनशे वर्षं प्रवचनं झाली, दंगली झाल्या, सर्वोच्च न्यायालयात निकाल लागले. दुसऱ्या प्रश्नाचं आकड्यांतलं उत्तर मात्र शालेय फुटबॉलचे गट पाडणाऱ्या माणसांनी लिहून ठेवलं आहे, आणि ते आज सगळ्यांनी वाचण्यासारखं आहे.

पहिला प्रश्न आधी घेऊ. एकोणिसाव्या शतकात हॉरेस मान यांच्यासारख्या सुधारकांनी सर्वांसाठी एक ‘सामाईक शाळा’ उभी करायचा ध्यास घेतला. शाळा सामाईक होती, पण तिथं वाचलं जाणारं बायबल प्रॉटेस्टंटांचं होतं. आयर्लंडमधून आलेल्या कॅथलिक स्थलांतरितांना ते आपल्या मुलांच्या तोंडी नको होतं. १८४४ साली फिलाडेल्फियात याच वादावरून दंगली पेटल्या, चर्च जाळली गेली, माणसं मेली. चाळीस वर्षांनी, १८८४ साली, बाल्टिमोरला भरलेल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेनं फर्मान काढलं की प्रत्येक पॅरिशनं, म्हणजे स्थानिक चर्चच्या विभागानं, स्वतःची शाळा काढावी. मजुरांच्या वर्गणीतून आणि जोगिणींच्या जवळजवळ फुकटच्या श्रमांतून ती शाळांची साखळी उभी राहिली. १९६० च्या दशकाच्या मध्यात तिच्यात ५० लाखांहून अधिक मुलं शिकत होती. आज ती संख्या १७ लाखांच्या आसपास उरली आहे.

या शाळा राष्ट्राला धोका आहेत, असं म्हणणारेही होते. १९२२ साली ओरेगन राज्यानं जनमत घेऊन कायदा केला की मुलांनी सरकारी शाळेतच गेलं पाहिजे. त्या कायद्यामागं कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेचं बळ होतं आणि रोख कॅथलिकांवर होता. शाळा चालवणाऱ्या जोगिणींची एक संस्था न्यायालयात गेली आणि १९२५ साली सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं कायदा रद्द केला. मूल ही सरकारनं घडवलेली वस्तू नव्हे, त्याला वाढवणाऱ्यांना त्याची वाट ठरवण्याचा हक्क आहे, असा त्या निकालाचा आशय. त्याच निकालात हक्काच्या जोडीला कर्तव्याचाही उल्लेख आहे. तो सहसा कुणी सांगत नाही.

इथवर कुणाही विवेकी माणसाचं दुमत होऊ नये. श्रद्धावान आईबापांना शाळा म्हणजे नुसतं गणित आणि भाषा शिकवणारी जागा वाटत नाही. देवाशी मुलाचं नातं तिथं जुळतं किंवा तुटतं, असं त्यांना मनापासून वाटतं. त्यांच्यावर सरकारी शाळेची सक्ती करणं हा अंतःकरणावरचा जुलूम आहे.

खरी अडचण पैशापाशी येते. मराठी वाचकाला यात अडचण कसली, असा प्रश्न पडेल. आपल्याकडं १८५४ च्या वुडच्या खलित्यापासून मिशनरी शाळांना, धार्मिक संस्थांच्या शाळांना सरकारी अनुदान मिळत आलं आहे. शिक्षकांचे पगार सरकार देतं, व्यवस्थापन संस्थेचं राहतं, आणि संविधानाच्या २८ व्या अनुच्छेदानुसार अशा शाळेत धार्मिक शिक्षणाची सक्ती करता येत नाही. अमेरिकेची जडणघडण वेगळी. व्हर्जिनियात ख्रिस्ती धर्मशिक्षकांसाठी कर बसवायचा प्रस्ताव आला, तेव्हा १७८५ साली जेम्स मॅडिसन यांनी त्याविरुद्ध निवेदन लिहिलं. एखाद्या पंथासाठी नागरिकाकडून तीन पेन्स जरी सक्तीनं घेता आले, तरी उद्या त्याला कशालाही भाग पाडता येईल, असं त्यांचं म्हणणं होतं. मॅडिसन श्रद्धेचे शत्रू नव्हते. सत्तेच्या पैशावर पोसलेली श्रद्धा दुबळी होते, असं त्यांना वाटे.

व्हाउचरची कल्पना सरकार आणि धर्म यांच्यामधल्या या भिंतीला वळसा घालून आली. १९५५ साली अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी मांडलं की सरकारनं शिक्षणाला पैसा जरूर द्यावा, पण शाळा स्वतः चालवायची गरज नाही. पैसा आईबापांच्या हाती द्यावा आणि शाळा त्यांनी निवडावी. मांडणी सुबक होती. पण त्याच काळात दक्षिणेत निवडीचं दुसरं रूप दिसलं. शाळांतला वर्णभेद संपवायचा आदेश आल्यावर व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीनं १९५९ साली आपल्या सगळ्या सरकारी शाळांना कुलूप ठोकलं. गोऱ्या मुलांसाठी खासगी अकादमी निघाली, तिच्या फीसाठी सरकारी अनुदान मिळू लागलं, आणि काळ्या मुलांना पाच वर्षं सरकारी शाळाच उरली नाही. १९६४ साली सर्वोच्च न्यायालयानं हा प्रकार थांबवला. निवडीचा हक्क कागदावर सगळ्यांना सारखाच होता. दार मात्र शाळेच्या हातात होतं, आणि ते कुणासाठी उघडायचं हे शाळा ठरवत होती.

म्हणूनच १९९० साली मिलवॉकी शहरात सुरू झालेली योजना लक्षपूर्वक पाहावी लागते. ती पुढं रेटली पॉली विल्यम्स या काळ्या आमदार बाईंनी. त्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या होत्या आणि त्यांच्या वस्तीतल्या गरीब आईबापांना बुडत्या शाळांतून बाहेर पडायला वाट हवी होती. पहिल्या वर्षी ७ शाळा आणि ३४१ मुलं, मुलामागे अडीच हजार डॉलरच्या आसपास. योजना फक्त गरिबांसाठी होती. शाळेनं मुलं निवडायची नव्हती. अर्ज जास्त आले तर सोडत काढायची होती. पुढं धार्मिक शाळांना प्रवेश मिळाला तेव्हा आणखी एक अट आली: आईबापांनी लेखी कळवलं तर मुलाला प्रार्थनेतून आणि धार्मिक कार्यक्रमातून सूट द्यायची. ही योजना अशा अटींवर उभी होती की दार उघडं राहील आणि अंतःकरणही मोकळं राहील.

त्यानंतर सर्वोच्च न्यायालयानं एकेक पायरी ओलांडली. २००२ साली क्लीव्हलँडच्या व्हाउचरना पाच विरुद्ध चार मतांनी मान्यता मिळाली. तिथली व्हाउचरवाली ९६ टक्के मुलं धार्मिक शाळांत होती, पण पैसा आईबापांच्या निवडीतून तिथं पोचतो, म्हणून तो सरकारनं धर्माला दिला असं होत नाही, असं बहुमतानं म्हटलं. २०२० साली मोंटाना आणि २०२२ साली मेन राज्याच्या खटल्यात ठरलं की खासगी शाळांना पैसा द्यायचाच असेल, तर शाळा धार्मिक आहे म्हणून तिला वगळता येणार नाही. मेनमधल्या ज्या दोन शाळांभोवती खटला फिरत होता, त्यांच्या प्रवेशनियमांत श्रद्धा आणि लैंगिकता या दोन्हींबाबत अटी होत्या.

मग दारं धडाधड उघडली. २०२२ साली ॲरिझोनानं पात्रतेच्या जुन्या अटी काढून सगळ्याच मुलांना पात्र ठरवलं. २०२३ मध्ये फ्लोरिडा, आयोवा, अर्कान्सा आणि ओहायो त्याच वाटेनं गेले. २०२५ च्या मे महिन्यात टेक्सासच्या गव्हर्नरांनी १ अब्ज डॉलरच्या योजनेवर सही केली. आयोवात पहिल्या वर्षी मुलामागे ७,६३५ डॉलर होते. ते घेणाऱ्यांपैकी बहुसंख्य मुलं आधीपासूनच खासगी शाळेत होती. आणि त्याच कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे की हा पैसा घेतला म्हणून शाळेला आपली श्रद्धा, आपले रिवाज किंवा आपलं प्रवेशधोरण बदलावं लागणार नाही. मिलवॉकीत अटींसह दिलेली निवड इथं अटींशिवाय दिली गेली.

आता मैदानावर येऊ. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथं आहे.

अमेरिकेत बहुतेक राज्यांत शाळांचे फुटबॉल संघ गुणवत्तेनुसार वर-खाली होत नाहीत. त्यांचे गट पडतात ते पटसंख्येवर. ज्या शाळेत मुलं जास्त, तिला धडधाकट अकरा जण सापडायची शक्यता जास्त, एवढंच त्यामागचं सूत्र. टेक्सासात १ए पासून ६ए पर्यंत सहा गट आहेत. सर्वांत मोठ्या गटात सुमारे सव्वादोन हजार किंवा त्याहून जास्त मुलांच्या शाळा, तर सर्वांत लहान गटात अशी गावं की जिथं अकराचा संघच होत नाही, म्हणून सहा जणांचा फुटबॉल खेळतात. हा सहा जणांचा खेळ १९३४ साली, मंदीच्या काळात, नेब्रास्कातल्या स्टीफन एप्लर नावाच्या शिक्षकानं तयार केला, लहान शाळांसाठी. टेक्सासात ऑक्टोबरच्या शेवटच्या शुक्रवारी पट मोजला जातो आणि दर दोन वर्षांनी त्या आकड्यावर गट नव्यानं पडतात. आपल्याकडं पटसंख्येवर शिक्षकांची पदं ठरतात आणि पटपडताळणीच्या नावानं शाळाशाळांत धावपळ उडते, हे ज्यानं पाहिलं आहे त्याला त्या शुक्रवारचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

पण पट म्हणजे काय? गावच्या सरकारी शाळेच्या पटावर त्या हद्दीतलं प्रत्येक मूल असतं: व्हीलचेअरवरचं, इंग्रजी न येणारं, आईबरोबर दोन नोकऱ्यांच्या वेळा सांभाळणारं, वर्षातून दोनदा घर बदलणारं. चारशे मुलांच्या कॅथलिक शाळेच्या पटावर मात्र अशी चारशे मुलं असतात, ज्यांच्या घरच्यांनी ही शाळा निवडली, आणि ज्यांना या शाळेनंही निवडलं. आकडा तोच, पण मोजलेली वस्तू वेगळी. क्रीडा संघटनांना हे फार लवकर कळलं, कारण त्यांना दर शुक्रवारी फलकावरचे गुण पाहावे लागत होते.

इलिनॉयनं २००५ साली उपाय काढला. हद्द नसलेल्या शाळांच्या पटाला १.६५ नं गुणायचं. अलाबामानं पाव शतक १.३५ हा गुणक लावला. म्हणजे तिथं गट ठरवताना ४०० मुलांची शाळा ५४० ची होई. टेनेसीनं १९९७ साली, गरजेनुसार आर्थिक मदत देणाऱ्या खासगी शाळांचा वेगळा विभागच केला. न्यू जर्सीत खासगी शाळा स्वतंत्र गटांत खेळतात. ओहायोत २०१७ पासून संघातली कोणती मुलं कुठून आली, हे पाहून पटात भर घातली जाते.

आयोवानं दुसऱ्या टोकानं विचार केला. मिनेसोटाच्या पद्धतीवरून २०२३ पासून तिथं फुटबॉलचे गट पाडताना गरिबी वजा होते: शाळेत मोफत किंवा सवलतीच्या जेवणाला पात्र असलेल्या मुलांच्या संख्येच्या ४० टक्के आकडा पटातून कमी करतात. ४०० पैकी २०० मुलं अशी असतील, तर ८० वजा होऊन शाळा ३२० ची धरली जाते. पोट भरायची चिंता असलेलं पोर संध्याकाळी सरावाला थांबू शकत नाही, दुकानात कामाला जातं, हे त्या वजाबाकीत कबूल केलेलं आहे. ज्या वर्षी आयोवाच्या विधिमंडळानं व्हाउचर सर्वांना खुलं करायचा कायदा केला, त्याच वर्षी त्याच राज्याच्या फुटबॉलनं गरिबी मोजायला सुरुवात केली.

तत्त्वज्ञानात या विचाराला नाव आहे. जॉन रॉल्स यांनी १९७१ च्या आपल्या ग्रंथात एक प्रयोग सुचवला. समाजाचे नियम ठरवणाऱ्यांनी अशी कल्पना करावी की आपण श्रीमंत जन्मू की गरीब, सशक्त की दुबळे, हे आपल्याला ठाऊकच नाही. त्या अज्ञानाच्या पडद्याआड बसून जो नियम मान्य होईल, तो न्याय्य. फुटबॉलचा प्रशिक्षक तिथं बसवून पाहावा. उद्या आपल्या वाट्याला खाण बंद पडलेल्या गावची शाळा येईल की मोठ्या शहरातली नामांकित अकादमी, हे त्याला माहीत नसेल, तर तो नुसत्या पटावर गट पाडायला राजी होईल का? नाही होणार. तो गुणक मागेल किंवा वजाबाकी मागेल. क्रीडा संघटनांनी रॉल्स वाचून हे केलं नाही. त्यांच्या सभासद शाळा वर्षानुवर्षं भांडत राहिल्या आणि भांडता भांडता तिथं पोचल्या.

याला विरोध करणाऱ्यांचा युक्तिवाद हलका नाही. कॅलिफोर्नियातल्या कॉन्कॉर्डच्या डे ला सॅल या कॅथलिक शाळेनं १९९२ ते २००४ या काळात सलग १५१ सामने जिंकले. तिचे प्रशिक्षक बॉब लाडुसर त्याच शाळेत धर्मशिक्षण शिकवत. त्यांच्या संघातली मुलं आठवड्याला कार्डावर आपण काय साधणार ते लिहीत आणि सोबत्याच्या हाती सोपवत. वचन मोडलं तर त्याला तोंड दाखवावं लागे. हे पैशानं विकत घेता येत नाही आणि गाळून घेतलेल्या मुलांच्या जोरावरही आपोआप येत नाही. श्रद्धेनं माणसं घडतात, संघ घडतात. मग त्या कमाईवर गुणक लावणं म्हणजे सद्गुणाला दंड नव्हे का?

नव्हे. गुणक सद्गुण मोजत नाही, मोजू शकतही नाही; तो फक्त दार मोजतो. लाडुसरांनी जे घडवलं त्याचं श्रेय गुणकानं रतीभरही कमी होत नाही. शाळेला हद्द नाही, मूल दूरच्या गावाहून येऊ शकतं आणि नको असेल तर नाकारलंही जाऊ शकतं, एवढीच गोष्ट तो हिशेबात धरतो.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे, आणि तो खरा आहे. सरकारी शाळाही सगळ्यांना खुल्या कुठं आहेत? टेक्सासातल्या ॲलन या उपनगराच्या सरकारी शाळेनं २०१२ साली ६ कोटी डॉलर खर्चून १८,००० प्रेक्षकांचं मैदान बांधलं. त्या हद्दीत घर घ्यायची ऐपत असेल तरच तिथं मूल जातं. पत्ता हीच तिथली फी. मिलवॉकीच्या गरीब आईनं पॉली विल्यम्स यांच्याकडं धाव घेतली ती याचसाठी. श्रीमंताला निवड नेहमीच होती. व्हाउचरनं ती गरिबाला दिली, हा दावा ज्या ज्या ठिकाणी खरा आहे, तिथं त्याच्यापुढं मान तुकवली पाहिजे. शहरांच्या जुन्या वस्त्यांतल्या अनेक कॅथलिक शाळांनी कॅथलिक नसलेल्या गरीब काळ्या मुलांना पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं आहे. म्हणूनच आयोवाची वजाबाकी खासगी आणि सरकारी असा भेद करत नाही. ती दोघांनाही एकच प्रश्न विचारते: तुमच्या दारातून आत कोण येऊ शकतं?

निवड नेमकी कुणाची असते, हे टेनेसीच्या एका पत्रातून दिसतं. १९९७ साली नॅशव्हिलजवळच्या ब्रेंटवूड अकादमी या ख्रिस्ती वळणाच्या खासगी शाळेच्या फुटबॉल प्रशिक्षकानं आठवीतल्या काही मुलांना पत्रं पाठवली. मुलांचा पुढच्या वर्षीचा प्रवेश ठरला होता, पण ती अजून दुसऱ्या शाळांत शिकत होती. वसंतातल्या सरावाला या, साहित्य मिळेल, लवकर आलात तर तुमचाच फायदा, असा मजकूर, आणि खाली सही: ‘तुमचे प्रशिक्षक’. क्रीडा संघटनेनं शाळेला ३,००० डॉलर दंड केला, चार वर्षं देखरेखीखाली ठेवलं आणि फुटबॉल व बास्केटबॉलच्या संघांना दोन वर्षं बादफेरीतून वगळलं. प्रकरण दोनदा सर्वोच्च न्यायालयात गेलं. २००१ साली न्यायालयानं संघटनेला सरकारी यंत्रणेसारखं धरलं, कारण तिचे ८४ टक्के सभासद सरकारी शाळा होत्या. २००७ साली मात्र शाळा हरली. कोवळ्या वयाच्या मुलांना अशी गळ घालणं रोखणारा नियम भाषणस्वातंत्र्याच्या आड येत नाही, असा निकाल लागला. ते पत्र मिळालेल्या मुलाच्या जागी स्वतःला ठेवून पाहावं. तेरा-चौदा वर्षांचं पोर. मोठ्या शाळेच्या प्रशिक्षकानं ‘तुमचे’ म्हणून सही केलेली. ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक त्याला कागदावर पूर्ण होती.

अशीच मोकळीक वॉशिंग्टन राज्यातल्या ब्रेमर्टनच्या सरकारी शाळेतल्या खेळाडूंनाही होती. जोसेफ केनेडी हे तिथले साहाय्यक प्रशिक्षक सामना संपल्यावर मैदानाच्या मध्यभागी गुडघे टेकून प्रार्थना करत. हळूहळू मुलं भोवती जमू लागली. शाळेनं त्यांना थांबवलं, आणि २०२२ साली सर्वोच्च न्यायालयात सहा विरुद्ध तीन मतांनी ते जिंकले. त्यांची प्रार्थना हा त्यांचा व्यक्तिगत हक्क ठरला. प्रार्थना करणाऱ्या माणसाला कुणी अडवू नये, हे खरंच. पण त्या खटल्याच्या कागदपत्रांत एका बापाची तक्रार आहे. त्याचा मुलगा नास्तिक होता, तरी प्रार्थनेत सामील होत असे, कारण नाही झालो तर खेळायला कमी मिळेल अशी त्याला भीती होती. संघात कुणाला उतरवायचं हे ज्याच्या हाती, त्याच्याशेजारी गुडघे टेकायचे की नाही, ही निवड त्या मुलाला करायची होती. देवापुढं भीतीनं टेकलेला गुडघा कुठल्याच धर्मात भक्ती मानला जात नाही.

आणि दार कुणीच तपासत नसेल तर काय होतं, तेही फुटबॉलनंच दाखवलं. २०२१ च्या ऑगस्टमध्ये ओहायोतल्या कँटन गावी, देशभर दूरचित्रवाणीवर दिसणाऱ्या सामन्यात बिशप सिकॅमोर नावाच्या संघाचा ५८-० असा धुव्वा उडाला. मुलांना दुखापत होईल की काय, म्हणून समालोचक हवालदिल झाले. पुढं राज्याच्या शिक्षण विभागानं चौकशी केली. शाळा म्हणावी असं तिथं काहीच नव्हतं. तिनं स्वतःची नोंद अशा प्रकारात केली होती, जो श्रद्धेमुळं सरकारी मान्यता नको असलेल्या शाळांसाठी राखलेला आहे. अंतःकरणाच्या स्वातंत्र्यासाठी ठेवलेली पवित्र पळवाट मुलांच्या फसवणुकीसाठी वापरली गेली. त्यात सर्वांत मोठी हानी झाली ती खऱ्या श्रद्धेनं शाळा चालवणाऱ्यांची.

श्रद्धेच्या बाजूनंही याचं उत्तर जुनंच आहे. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं शिक्षणावर जाहीरनामा काढला. मुलांचे पहिले शिक्षक आईबाप, आणि सरकारनं पैसा असा वाटावा की त्यांना खरोखर मोकळेपणानं शाळा निवडता यावी, असं त्यात म्हटलं आहे. व्हाउचरचे पुरस्कर्ते तेवढाच भाग उचलतात. पण त्याच जाहीरनाम्यात कॅथलिक शाळांना सांगितलं आहे की ज्यांच्याकडं पैसा नाही, ज्यांना घराचा आधार नाही आणि ज्यांच्यापाशी श्रद्धाही नाही, त्यांची विशेष काळजी घ्या. पहिल्या भागासाठी सार्वजनिक तिजोरी उघडली असेल, तर दुसरा भाग नुसत्या सदिच्छेवर सोडून चालणार नाही.

आपल्याकडंही हा पेच ओळखीचा आहे. शिक्षणहक्क कायद्यानं खासगी शाळांत पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांसाठी ठेवल्या आणि महाराष्ट्रात त्या सोडतीनं भरल्या जातात, शाळेच्या मर्जीनं नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारनं जवळपास सरकारी किंवा अनुदानित शाळा असलेल्या खासगी शाळांना यातून सूट दिली, तेव्हा पालक न्यायालयात गेले आणि जुलैत मुंबई उच्च न्यायालयानं ती दुरुस्ती रद्द केली. अल्पसंख्याकांच्या शाळांना मात्र २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं या कायद्यातून पूर्ण वगळलेलं आहे. श्रद्धेचा हक्क आणि उघडं दार यांची सांगड आपणही अजून घालू शकलेलो नाही.

म्हणून निवाडा द्यायचा तर असा. आईबापांचा शाळा निवडण्याचा हक्क खरा आहे आणि त्याच्या मुळाशी असलेली श्रद्धा आदराची आहे. स्वतःच्या पैशानं, स्वतःच्या पंथाची, स्वतःच्या अटींची शाळा चालवायला कुणाचीही हरकत नसावी. पण सगळ्यांच्या करातून पैसा घेतला, की दार सगळ्यांना उघडं ठेवावं: जागा कमी पडल्या तर सोडत काढावी, आणि प्रार्थनेतून सूट मागणाऱ्या मुलाला ती मिळावी. ज्या शाळेला हे जमणार नाही, तिनं पैसा घेऊ नये. निवडणाऱ्याला एक फायदा असतो, हे शाळांच्या फुटबॉलनं पाव शतकापूर्वीपासून मान्य केलं आणि त्याला १.३५ किंवा १.६५ असा आकडाही दिला. शिक्षणाच्या कायद्यांनी तेवढं तरी मान्य करावं.

टेक्सासच्या योजनेत पैसा देताना अपंग आणि कमी उत्पन्नाच्या घरच्या मुलांना प्राधान्य आहे. प्रवेश द्यायचा की नाही हे मात्र शाळेनं ठरवायचं आहे. योजना २०२६-२७ च्या शैक्षणिक वर्षापासून लागू होते. मिलवॉकीच्या कायद्यात सोडतीची अट १९९० पासून आहे.